पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय

मराठीतले बहुतेक नवे शब्द जुन्या शब्दांपासूनच घडतात. मूळ शब्द किंवा धातू घ्यायचा, त्याच्या आधी किंवा नंतर एखादा ठरलेला अंश जोडायचा आणि त्यातून वेगळ्या अर्थाचा शब्द उभा करायचा, ही रीत फार जुनी आहे. आधी जोडला जातो तो उपसर्ग, शेवटी जोडला जातो तो प्रत्यय. ‘गम’च्या आधी ‘दुर्’ आला की ‘दुर्गम’ होतो. ‘डोंगर’ला ‘आळ’ लागला की ‘डोंगराळ’ होतो. अशा घडवलेल्या शब्दांना व्याकरणात साधित शब्द म्हणतात. ‘घर’, ‘पाणी’, ‘जा’, ‘ये’ यांसारखे ज्यांची आणखी फोड होत नाही, ते सिद्ध शब्द.

दुर्गम आणि डोंगराळ ही दोन्ही विशेषणे ज्या मुलुखाला कायमची चिकटली आहेत, तो अमरावती जिल्ह्यातला मेळघाट. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर चिखलदरा वसले आहे. भोवती सागाचे जंगल, पायथ्याशी परतवाडा-अचलपूर आणि त्यापुढे वऱ्हाडचे कापसाचे रान. या टापूत वनखाते, महसूल आणि आरोग्य विभागाची संस्कृतप्रचुर मराठी आहे, शेतकऱ्याची वऱ्हाडी बोली आहे आणि कोरकू ही पूर्ण वेगळ्या कुळातली भाषाही आहे. शब्द घडवण्याच्या जवळजवळ सगळ्या तऱ्हा इथे एका तालुक्यात पाहायला मिळतात.

उपसर्ग अर्थाला वळण देतो

संस्कृत व्याकरणात प्र, परा, अप, सम्, अनु, अव, निर्, दुर्, वि, आ, अधि, अति, सु, उत्, अभि, प्रति, परि, उप इत्यादी एकूण २२ उपसर्ग मोजले जातात. हे एकेकटे वापरता येत नाहीत. धातूला लागले की कामाला येतात. त्यांना स्वतःचा अर्थ असतो की नाही, हा वाद फार जुना आहे. यास्काच्या ‘निरुक्ता’त दोन मते नोंदलेली आहेत. शाकटायनाच्या मते उपसर्गाला वेगळा अर्थ नसतो, तो धातूतला अर्थच उजळून दाखवतो. गार्ग्याच्या मते प्रत्येक उपसर्गाला आपला अर्थ असतो. मराठी शब्द पाहिले तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य दिसते.

‘गम्’ म्हणजे जाणे. जिथे जाणे कठीण ते दुर्गम, जिथे सहज जाता येते ते सुगम. दोन प्रवाह एकत्र जातात तो संगम, पाणी वर येऊन निघते तो उगम. मूळचा ‘उद्गम’ मराठीत ‘उगम’ झाला. इथे प्रत्येक उपसर्गाचा अर्थ हाताला लागतो. सरकारी कागदात मेळघाटातली काही गावे ‘अतिदुर्गम’ म्हणून नोंदली जातात. तिथे ‘दुर्’च्याही आधी ‘अति’ चढला आहे. चिखलदऱ्यासारख्या पर्यटनस्थळांच्या वेशीवर लावतात त्या ‘सुस्वागतम्’ या शब्दात तर ‘सु’ दोनदा आला आहे, कारण ‘स्वागत’ हाच मुळात सु + आगत असा घडलेला शब्द आहे.

‘सृज्’ म्हणजे सोडणे, निर्माण करणे. त्यापासून निसर्ग, विसर्ग, उत्सर्ग, संसर्ग आणि खुद्द ‘उपसर्ग’ हे शब्द झाले. पाचही शब्दांत ‘सर्ग’ आहे, पण निसर्गाचा संसर्गाशी आज अर्थाने काही संबंध उरलेला नाही. उपसर्ग अर्थाला एकदा वळण देतो आणि पुढे शब्द आपल्या वाटेने जातो. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. निरीक्षण, परीक्षण, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा आणि उपेक्षा हे सगळे पाहण्याचेच प्रकार आहेत. नीट पाहणे, चारी बाजूंनी पाहणे, वाटेकडे पाहणे आणि न पाहिल्यासारखे करणे हा फरक फक्त उपसर्गाने केला आहे.

चिखलदऱ्याशी रोज जोडले जाणारे ‘पर्यटन’ आणि ‘पर्यावरण’ हे शब्द ‘परि’ म्हणजे भोवती या उपसर्गाने घडले. ‘अट्’ म्हणजे हिंडणे, म्हणून परि + अटन = पर्यटन; परि + आवरण = पर्यावरण, भोवतालचे वेष्टन. संधीमुळे ‘परि’चा ‘पर्य’ झाल्याने उपसर्ग चटकन ओळखू येत नाही. चिखलदऱ्याच्या विकासासाठी सिडको हे ‘विशेष नियोजन प्राधिकरण’ आहे. ‘प्राधिकरण’ची फोड प्र + अधि + करण अशी, म्हणजे एका ‘करण’आधी दोन उपसर्ग.

मेळघाटचे नाव १९९०च्या दशकापासून ज्या शब्दाबरोबर महाराष्ट्रभर गेले, तो शब्द ‘कुपोषण’. तो नीट पाहण्यासारखा आहे. ‘पुष्’ धातूपासून पोषण झाले. त्याआधी ‘अ’ लावला असता तर पोषणाचा अभाव एवढाच अर्थ निघाला असता. ‘कु’ लावल्यामुळे वाईट, अपुरे, चुकीचे पोषण हा अर्थ आला. पोटात काहीतरी जाते, पण शरीर भरत नाही. मूल दिसते, पण वजन वाढत नाही. ‘उपासमार’ या शब्दात हा भेद येत नाही. इंग्रजी ‘मॅलन्यूट्रिशन’मधला ‘मॅल’ही वाईट याच अर्थाचा आहे. ‘कुपोषण’ला ‘इत’ लागून कुपोषित झाले आणि आरोग्य खात्याने त्यापुढे ‘तीव्र’, ‘अतितीव्र’ असे टप्पे लावले. अंगणवाडीच्या नोंदवहीत बालकाचे नाव यांपैकी कोणत्या रकान्यात पडते, यावर त्याला मिळणारे उपचार ठरतात. एका उपसर्गाचा फरक इथे प्रत्यक्ष जगण्याला जाऊन भिडतो.

काटेकोर हिशेब केला तर ‘अ’, ‘कु’, ‘पुनर्’ हे संस्कृतच्या २२ उपसर्गांत बसत नाहीत. ती अव्यये आहेत. पण मराठीत शब्दाआधी लागून नवा शब्द करणाऱ्या सगळ्याच अंशांना उपसर्ग म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे अभयारण्यातला ‘अ’ आणि पुनर्वसनातला ‘पुनर्’ मराठीच्या दृष्टीने उपसर्गच.

मराठीचे घरचे उपसर्ग

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले उपसर्ग वेगळे आणि प्राकृतातून झिजत मराठीत मुरलेले वेगळे. चिखलदऱ्याच्या पंचबोल पॉइंटवर उभे राहून हाक मारली की ती दऱ्यांतून पुन्हा पुन्हा ऐकू येते. या परत आलेल्या आवाजाला दोन शब्द आहेत: प्रतिध्वनी आणि पडसाद. दोन्हींचे उपसर्ग मुळात एकच आहेत. संस्कृत ‘प्रति’चा प्राकृतात ‘पडि’ झाला आणि मराठीत ‘पड’. पडछाया आणि पडजीभ यांतही तोच आहे. एकाच उपसर्गाची थोरली आणि धाकटी पाती मराठीत शेजारी-शेजारी नांदतात आणि दोघांनाही काम आहे. प्रतिध्वनी विज्ञानाच्या पुस्तकात येतो, पडसाद विधानसभेतही उमटतात.

‘आड’ हा असाच मुरलेला उपसर्ग. आडवाट, आडरान, आडगाव, आडनाव. ‘भर’ लावून भरदुपारी, भरपावसात, भररस्त्यात असे शब्द होतात. ‘अन’पासून अनोळखी, ‘नि’पासून निकामी आणि निनावी, ‘अर्ध’चे झिजलेले रूप ‘अध’ किंवा ‘अद’ लावून अधमेला, अदपाव. हे शब्द समजायला संस्कृत यावे लागत नाही. ‘फेर’ हा उपसर्ग तर आजही नवे शब्द देतो: फेरमोजणी, फेरमतदान, फेरपरीक्षा, फेरतपासणी. ‘पुनर्’ जे काम करतो तेच ‘फेर’ करतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ विचारावा लागत नाही.

फारसी-अरबीची देणगी

वऱ्हाडवर बहमनींची सत्ता होती; पुढे १४९० ते १५७४ या काळात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, इमादशाहीची गादी होती. नंतर मोगल, निजाम आणि १८५३ नंतर इंग्रज. शतकानुशतके दरबाराची भाषा फारसी राहिल्याने मराठीला उपसर्ग-प्रत्ययांचा आणखी एक संच मिळाला. बे (बेकायदा, बेशिस्त), ना (नापसंत, नाउमेद), गैर (गैरहजर, गैरसोय), बद (बदनाम), दर (दरमहा), हर (हरघडी) हे त्यातले उपसर्ग. दार, खोर, गिरी, खाना, बाज हे प्रत्यय.

तालुक्याचे ‘तहसील कार्यालय’ घ्या. अरबीत शब्द घडवण्याची रीत वेगळी आहे. ह-स-ल अशी तीन व्यंजने ठरलेली आणि त्यांच्या आधी, मध्ये, नंतर येणारे स्वर व अक्षरे बदलून नवे शब्द करायचे. हासिल, महसूल, तहसील हे तीन शब्द त्या एकाच मुळाचे. हासिलचे मराठी रूप ‘हशील’, “त्यात काय हशील?” असे आजही म्हणतात. त्या अरबी ‘तहसील’ला फारसी ‘दार’ लागून तहसीलदार झाला. वऱ्हाडात वर्षाच्या बोलीने शेतावर राहणारा गडी तो ‘सालदार’. त्यातही हाच ‘दार’ आहे.

परक्या घरचे उपसर्ग देशी शब्दांना लागायलाही वेळ लागला नाही. ‘बेभान’मध्ये फारसी ‘बे’ आणि आपले ‘भान’ आहे. ‘गैरसमज’मध्ये अरबी ‘गैर’ आणि मराठी ‘समज’. ‘गैरव्यवहार’मध्ये तर अरबी उपसर्गापाठोपाठ वि आणि अव हे दोन संस्कृत उपसर्ग आहेत. वऱ्हाडीत ‘बेज्या’ हा शब्द फार, अतोनात या अर्थाने येतो: बेज्या गर्दी, बेज्या ऊन. मूळ फारसी ‘बेजा’ म्हणजे ‘बे’ आणि ‘जा’, जागा सोडून असलेले, अनुचित. मर्यादा ओलांडण्याचा अर्थ धरून बोलीने त्याला ‘पुष्कळ’पर्यंत आणून सोडले.

प्रत्यय शब्दाची जात ठरवतो

सगळेच प्रत्यय नवा शब्द करत नाहीत. चिखलदऱ्याला, चिखलदऱ्यात, चिखलदऱ्याचा या रूपांत शब्द एकच आहे. ‘ला’, ‘त’, ‘चा’ वाक्यातले नाते सांगतात. वऱ्हाडीत ‘मला’, ‘तुला’ऐवजी ‘मले’, ‘तुले’ म्हणतात, तोही नात्याचाच प्रत्यय. ‘वऱ्हाड’ला ‘ई’ लागून वऱ्हाडी झाले, तेव्हा मात्र वेगळा शब्द जन्माला आला. प्रदेशाच्या नावाचे विशेषण झाले, बोलीचे आणि माणसाचे नाव झाले. पहिल्या गटाला विभक्ती प्रत्यय म्हणतात, दुसऱ्याला शब्दसाधक. उपसर्ग मुख्यतः अर्थ वळवतो, तर शब्दसाधक प्रत्यय शब्दाची जात ठरवतो. नामाचे विशेषण, क्रियापदाचे नाम, विशेषणाचे भाववाचक नाम ही कामे प्रत्ययांची.

पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त आठपैकी तिसरा, चौथा आणि पाचवा असे तीन अध्याय प्रत्ययांच्या अधिकारात आहेत. धातूला लागतात ते कृत् प्रत्यय, नामाला किंवा विशेषणाला लागतात ते तद्धित. मराठी व्याकरणकारांनी ही विभागणी स्वीकारली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली आले आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली.

मराठी कृत् प्रत्ययांत ‘णी’ फार राबता आहे आणि तो शेतात सर्वाधिक दिसतो. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे वर्षच या प्रत्ययाने भरलेले असते: नांगरणी, वखरणी, पेरणी, डवरणी, निंदणी, वेचणी, सोंगणी, मळणी. त्यातल्या काही शब्दांचा प्रवास दुहेरी आहे. ‘वखर’ हे अवजाराचे नाव; त्याचे क्रियापद झाले वखरणे; त्या क्रियापदाचे पुन्हा नाम झाले वखरणी. डवरा, डवरणे, डवरणी आणि नांगर, नांगरणे, नांगरणी यांचेही तसेच. नाम, क्रियापद आणि पुन्हा नाम असे फिरून आल्यावर अवजार मागे राहते आणि काम व त्याचा हंगाम पुढे येतो. ‘डवरणी सुरू आहे’ म्हटले की महिनादेखील कळतो. ‘पेरणे’पासून ‘णी’ लावून पेरणी होते आणि ‘आ’ लावून पेरा. पेरणी ही क्रिया आणि पेरा म्हणजे पेरलेले क्षेत्र. क्रिया आणि तिचे फळ वेगळे करायला भाषेने दोन प्रत्यय ठेवले आहेत.

चिखलदऱ्याच्या पठारावर गवळ्यांची वस्ती जुनी आहे; गाविलगड हे नाव गवळ्यांवरून पडल्याचे सांगतात. त्यांच्या धंद्यातला ‘चर’ धातू पाहावा. चरणे ही जनावराची क्रिया, चारणे ही माणसाची. इथे प्रत्यय नाही, फक्त स्वर लांबला आहे. मरणे-मारणे, पडणे-पाडणे यांत हेच होते. पुढे चारा हे खाद्य, चराऊ हे कुरणाचे विशेषण, चराई हे कामाचे व त्यासाठी द्यायच्या पैशांचे नाव. राखीव जंगलात चराईबंदी आली की गवळ्याचा दिवस बदलतो.

‘राखीव’ हा शब्दही जवळून पाहण्याजोगा आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये ‘राखीव वन’ आणि ‘संरक्षित वन’ असे दोन वेगळे वर्ग आहेत. स्थूलमानाने, राखीव वनात परवानगी दिलेली नसेल ती प्रत्येक गोष्ट निषिद्ध असते आणि संरक्षित वनात मनाई केलेली नसेल ती करता येते. कायद्याने एवढे अंतर पाडलेले हे दोन शब्द एकाच धातूचे आहेत. संस्कृत ‘रक्ष्’ला ‘सम्’ उपसर्ग आणि ‘इत’ प्रत्यय लागून ‘संरक्षित’ झाला. त्याच ‘रक्ष्’चे झिजून ‘राख’ झाले आणि त्याला कोरीव, रेखीव, घडीव यांतला मराठी ‘ईव’ लागून ‘राखीव’ झाला. याच ‘राख’पासून राखण आणि त्यावर फारसी ‘दार’ चढवून राखणदार. ‘रक्ष्’कडून वनखात्याची बरीचशी उतरंड आली: वनरक्षक, सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक, वनसंरक्षक, मुख्य वनसंरक्षक. जंगलात पायी फिरणाऱ्याला ‘रक्षक’ आणि वरच्या अधिकाऱ्याला ‘संरक्षक’, एवढा हुद्द्याचा फरक ‘सम्’ने दाखवला आणि मधली पायरी ‘उप’ने.

परतवाड्याच्या लाकडाच्या व्यापारात ‘जळाऊ’ आणि ‘इमारती’ हे दोन भेद ठरलेले आहेत. ‘जळ’ धातूला ‘आऊ’ लागला आणि ‘इमारत’ या नामाला ‘ई’. ‘आऊ’ हा प्रत्यय टिकाऊ, टाकाऊ, लढाऊ, शिकाऊ अशा कितीतरी शब्दांत दिसतो. गुण दाखवणारे तद्धित प्रत्यय तर चिखलदऱ्याच्या पावसाळ्याचे वर्णन एकहाती करू शकतील. खडकाळ चढ, फेसाळ धबधबा, धुरकट दरी, ओलसर भिंती, काळसर आभाळ, हवेतला गारवा. आळ, कट, सर, वा या चार प्रत्ययांनी हे सगळे दिले.

प्रत्यय लागताना मूळ शब्दही हलतो. ‘धूर’चा दीर्घ ‘ऊ’ ‘धुरकट’मध्ये ऱ्हस्व होतो, ‘दूध’चा ‘दुधाळ’मध्ये, ‘माणूस’चा ‘माणुसकी’मध्ये. मराठी शब्दाचे वजन पुढे सरकले की मागचा स्वर आखडतो, हे ध्यानात आले तर ऱ्हस्व-दीर्घाच्या कितीतरी चुका टळतात. संस्कृत ‘इक’ प्रत्यय उलट वागतो. तो पहिला स्वर वाढवतो. निसर्गाचे नैसर्गिक, प्रदेशाचे प्रादेशिक, भूगोलाचे भौगोलिक. म्हणून ‘निसर्गिक’ किंवा ‘भुगोलिक’ चुकीचे.

एका माणसाचे चार भाव

भाववाचक नामे करणारे प्रत्यय मराठीत भरपूर आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. माणूस-मनुष्य-मानव या शब्दांपासून माणूसपण, माणुसकी, मनुष्यत्व आणि मानवता असे चार शब्द होतात. माणूसपण म्हणजे माणूस असण्याची स्थिती. माणुसकी म्हणजे वागण्यात दिसणारा दयाळूपणा. ती असते किंवा नसते. मनुष्यत्व हा तत्त्वचिंतनातला शब्द, मानवता हा साऱ्या मानवजातीला कवेत घेणारा. ‘की’ हा प्रत्यय हुद्दा आणि धंदा सांगण्याकडेही झुकतो: पाटीलकी, मास्तरकी, डॉक्टरकी. ‘गिरी’ने कामगिरी आणि मुलूखगिरी दिली; तीच दादागिरीत बदनाम झाली आणि २००६ साली आलेल्या ‘लगे रहो मुन्नाभाई’नंतर ‘गांधीगिरी’मुळे पुन्हा चांगल्या संगतीत आली. मोठेपण हा मान असतो आणि मोठेपणा बहुधा मिरवला जातो. शेवटच्या एका स्वराने एवढा फरक पडतो.

कोरकूतला ‘कू’

मेळघाटातली कोरकू भाषा मराठीच्या कुळातली नाही. ती ऑस्ट्रोएशियाटिक कुळाच्या मुंडा शाखेची, म्हणजे झारखंडच्या संथाळी-मुंडारीची सख्खी आणि कंबोडियाच्या ख्मेरची दूरची नातलग. त्या सबंध कुळातली ही सर्वांत पश्चिमेकडची भाषा. ‘कोरकू’ हे नावच प्रत्ययाने घडले आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. ‘कुला’ म्हणजे वाघ, पुष्कळ वाघ म्हणजे ‘कुलाकू’. दोहोंसाठी कोरकूत वेगळे द्विवचन आहे. ते संस्कृतात होते, मराठीत उरले नाही. मराठीत येताना ‘कोरकू’तले अनेकवचन गोठले आणि पूर्ण शब्द जमातीचे नाव झाला. आता मराठी माणूस ‘कोरकूंना’, ‘कोरकूंचे’ म्हणतो, तेव्हा एका भाषेच्या अनेकवचनावर दुसऱ्या भाषेचे अनेकवचन चढलेले असते.

मुंडा भाषांत आणखी एक तऱ्हा आहे. तिथे काही वेळा प्रत्यय शब्दाच्या पोटातच शिरतो. संथाळीत ‘दल’ म्हणजे मारणे आणि ‘दपल’ म्हणजे एकमेकांना मारणे. मधला ‘प’ परस्परभाव दाखवतो. अशा अंशाला मध्यप्रत्यय म्हणतात. मराठीत ही तऱ्हा नाही.

थरावर थर आणि फसवी फोड

उपसर्ग आणि प्रत्यय एकावर एक चढतात तेव्हा त्यांचा क्रम ठरलेला असतो. ‘हृ’पासून ‘हार’, त्याआधी अव आणि वि लागून व्यवहार. पुढे व्यवहार्य, अव्यवहार्य आणि शेवटी अव्यवहार्यता. प्रत्येक पायरीवर मिळणारा शब्द वापरण्याजोगा आहे. मराठी क्रियापदातही हेच दिसते: फसणे, त्यात ‘व’ घालून दुसऱ्याला फसवणे, त्यापुढे ‘णूक’ येऊन फसवणूक. अडवणूक, पिळवणूक, वागणूक, करमणूक, निवडणूक हे सगळे ‘णूक’चेच. लांब शब्द पाहून गोंधळायचे कारण नाही. तो उलट्या क्रमाने सोलत गेले की गाभा हाती येतो.

मात्र दिसते ती प्रत्येक सुरुवात उपसर्ग नसते. ‘विहार’मध्ये ‘वि’ आहे, ‘विहीर’मध्ये नाही. सुतारात ‘सु’ नाही, कुऱ्हाडीत आणि कुरणात ‘कु’ नाही, नारळात ‘ना’ नाही, उपरण्यात ‘उप’ नाही. कसोटी सोपी आहे. अंश काढल्यावर उरलेल्या भागाला अर्थ हवा आणि तोच अंश तशाच अर्थाने दुसऱ्या शब्दांतही दिसायला हवा.

समासातला दुसरा शब्द आणि प्रत्यय यांच्यातली सीमाही धूसर असते. ‘चिखलदरा’तला ‘दरा’ आणि ‘सेमाडोह’मधला ‘डोह’ हे स्वतंत्र शब्द आहेत, म्हणून ही नावे सामासिक. अचलपूर, रिद्धपूर यांतला ‘पूर’ मुळात नगर या अर्थाचा स्वतंत्र शब्द होता. आज मराठीत नुसते ‘पूर’ म्हटले तर नदीचा पूर आठवतो. गावाच्या नावात तो केवळ प्रत्ययासारखा उरला आहे. ‘शेतकरी’, ‘गावकरी’, ‘कष्टकरी’ यांतला ‘करी’ही ‘करणारा’पासून असाच प्रत्ययाच्या पंगतीला बसला. शब्द झिजून प्रत्यय होतो, ही भाषेच्या इतिहासातली नेहमीची घडामोड आहे.

कोणता नवा शब्द टिकतो

ठरवून शब्द घडवण्याचे प्रयत्न मराठीत वारंवार झाले. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंत्यांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ केला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीसाठी अनेक शब्द सुचवले. ‘महापौर’ त्यातला रुळलेला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय सुरू झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला आणि शासनाला हजारो शब्द एकदम लागले. नियम, अधिनियम, विनियम, उपविधी किंवा आदेश, अध्यादेश, निर्देश अशा मालिका त्या गरजेतून पक्क्या झाल्या. कायद्यात एकेक अर्थ वेगळा ठेवावा लागतो आणि संस्कृत उपसर्ग ते काम नेमकेपणाने करतात. त्यांचे हे मोल मान्यच करायला हवे.

पण शब्द टिकण्याची आणखी एक अट आहे. त्याचे सांधे बोलणाऱ्याच्या कानाला ओळखीचे हवेत. काही प्रत्यय आज जिवंत आहेत. कालच्या शब्दालाही ते लागतात. मोबाईलवाला, जिप्सीवाला, डॉक्टरीण, हिरोगिरी हे कोणत्या समितीने केलेले शब्द नाहीत. वाला, ईण, गिरी, पणा यांचा उपयोग प्रत्येक मराठी बोलणाऱ्याला येतो आणि प्रत्येक ऐकणाऱ्याला कळतो. ‘निवडणूक’, ‘राखीव’, ‘बिनविरोध’, ‘फेरमोजणी’ हे शब्द कायद्यातही चालले आणि पारावरही, कारण त्यांचे घटक आधीपासून लोकांच्या तोंडी होते. ‘पुनर्विलोकन’ आणि ‘फेरतपासणी’ समोरासमोर ठेवले तर काम एकच, पण दुसरा शब्द चिखलदऱ्याच्या आठवडी बाजारातही समजावून सांगावा लागणार नाही.

जिथे घरात कोरकू, बाजारात वऱ्हाडी आणि कार्यालयात शासकीय मराठी बोलली जाते, तिथे हा प्रश्न हक्कांचाही असतो. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याखालचा दावा, आक्षेप, अपील यांचे कागद ज्याच्या जमिनीचे आहेत, त्याला ते वाचता आले पाहिजेत. शब्द घडवणाऱ्याने ‘ईव’, ‘णी’, ‘णूक’, ‘आऊ’, ‘फेर’, ‘बिन’ यांना संस्कृत उपसर्गांच्या बरोबरीने मान द्यावा. शाळेत उपसर्ग-प्रत्यय शिकवताना यादी पाठ करून घेण्याऐवजी मुलांना त्यांच्या शेतातले, जंगलातले आणि दवाखान्यातले शब्द सोडवून पाहायला लावावेत. एक धातू, पाच-सहा उपसर्ग आणि तेवढेच प्रत्यय एवढ्या भांडवलावर पंचवीस-तीस शब्दांचा अर्थ हाती येतो. पुढे शब्दकोशात नसलेला शब्दही वाचणाऱ्याला अडवत नाही, आणि गरज पडली तर तो स्वतःही एखादा चांगला शब्द घडवू शकतो.